चाहत्याचे मत आणि भयपटाचा पहिला प्रेक्षक

चित्रपटाच्या चाहत्याचे मत समीक्षेला नेहमीच अडचणीचे वाटत आले आहे. चाहता बोलतो तो निष्ठेने, पुनःपुन्हा पाहिल्याच्या अधिकाराने आणि बहुधा अतिशयोक्तीने. निकषांचा हिशेब देण्याची गरज त्याला भासत नाही. तथापि रहस्यपट, भयपट, मारधाडपट अशा प्रकारनिष्ठ चित्रपटांच्या बाबतीत त्याच्यापाशी असलेली जाणकारी समीक्षकापाशी क्वचितच आढळते. मराठी वाङ्मयव्यवहाराला हा अनुभव नवा नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा किंवा नारायण धारपांच्या भयकथा ज्यांनी एकामागून एक वाचून काढल्या, त्या वाचकांना कोणती कथा साधली आणि कोणती फसली हे नेमके कळत होते. समीक्षेने मात्र त्या सबंध लेखनाला ‘रंजनपर’ हे एकच नाव देऊन ते बाजूस सारले. ही जाणकारी कोणत्या स्वरूपाची असते आणि तिच्यावर कितपत विसंबावे, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे.

त्यासाठी रामसे बंधूंच्या हिंदी भयपटांचे उदाहरण उद्बोधक ठरावे. फाळणीपूर्वी कराचीत रेडिओचे दुकान चालवणारे फतेहचंद रामसे मुंबईत येऊन चित्रपटनिर्मितीत शिरले. त्यांच्या ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (१९७०) या चित्रपटाचे दिग्दर्शक होते विश्राम बेडेकर. ‘रणांगण’च्या लेखकाचे नाव हिंदी भयपटाच्या कुळकथेत यावे, हा योगायोग मराठी अभ्यासकांच्या फारसा ध्यानात आलेला नाही. चित्रपट पडला. परंतु रामसे बंधूंनी मुलाखतींतून वारंवार सांगितलेली हकिकत अशी की, पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा चढवून चोरीसाठी शिरतात तेवढ्या एका प्रसंगासाठी प्रेक्षक चित्रपटगृहात येत आणि तो होताच उठून जात. तुलसी आणि श्याम या भावांनी हे पाहिले व वडिलांना सुचवले की सगळा चित्रपटच त्या प्रसंगासारखा का असू नये. सगळे कुटुंब व कलावंत महाबळेश्वरला नेऊन, अल्प खर्चात ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) चित्रित झाला. सात भावांनी लेखन, छायाचित्रण, ध्वनी, संकलन, दिग्दर्शन अशी कामे आपसांत वाटून घेतली होती.

निर्मात्याने सांगितलेली हकिकत थोडी रचलेली असणे शक्य आहे. तिचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. येथे चाहत्याचे मत चित्रपटानंतर आलेले नाही, ते चित्रप्रकाराच्या आधी आले आहे. प्रेक्षकाने पडलेल्या कृतीतून एक तुकडा निवडला, उरलेली कृती टाकून दिली, आणि त्या निवडीतून एक परंपरा उभी राहिली. ‘कल्ट’ ठरणाऱ्या कलाकृतीविषयी उंबेर्तो एको यांनी ‘कासाब्लांका’च्या निमित्ताने (१९८५) केलेले विवेचन या संदर्भात आठवते. त्यांच्या मते अशी कृती सांध्यांवरून निखळण्याजोगी असावी लागते, म्हणजे मग भक्ताला तिचे तुकडे मूळ संदर्भापासून सुटे करून मनात बाळगता येतात. मर्ढेकरांच्या लयतत्त्वावर पोसलेल्या मराठी सौंदर्यविचाराला हे मानवणे अवघड आहे. संवाद, विरोध आणि समतोल यांनी बांधलेली पूर्ण कृती हा ज्याचा आदर्श, त्याला कृतीचे विस्कळीत असणे हाच दोष वाटणार. चाहत्याला तीच सोय वाटते. आस्वादाचे एकक कोणते, कृती की प्रसंग, याबद्दलचा हा मूलभूत मतभेद आहे, आणि चाहत्याला अभिरुचिहीन ठरवून तो मिटत नाही.

येथवर चाहत्याची बाजू बळकट आहे. परंतु भयपटाला एकच चाहता लाभलेला नाही. ‘पुराना मंदिर’ (१९८४) ज्यांनी त्या काळी तालुक्याच्या चित्रपटगृहात किंवा जत्रेतल्या तंबूत पाहिला, ते भिण्यासाठी गेले होते. राजाने शिरच्छेद करवलेला सामरी, पेटीत बंद केलेले त्याचे मस्तक, दूर पुरलेले धड, आणि राजघराण्यातील प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल हा शाप, ही सामग्री त्यांच्या गोष्टींच्या जगातलीच होती. कोणत्याही गावच्या वेशीबाहेर अशी एखादी कथा असतेच. दुसरा चाहता नंतर आला. पीट टूम्ब्स यांच्या ‘मोंडो मकाब्रो’ (१९९७) या ग्रंथाने जगभरच्या चमत्कारिक चित्रपटांबरोबर भारतीय भयपटांचीही ओळख करून दिली. त्याच नावाने पुढे डीव्हीडी निघाल्या. भारतातही इंग्रजी शिक्षणात वाढलेल्या तरुण वर्गाने कांती शाह यांचा ‘गुंडा’ (१९९८) आणि रामसे यांचे भयपट ‘इतके वाईट की उत्तम’ या न्यायाने डोक्यावर घेतले. या रसिकतेला जेफ्री स्कॉन्स यांनी १९९५ साली ‘पॅरासिनेमा’ हे नाव दिले होते: प्रतिष्ठित अभिरुचीने फेकून दिलेले जाणूनबुजून उचलून धरण्याची वृत्ती. स्कॉन्स यांना तीत बंड दिसते, तसेच त्या बंडामागची शिक्षितांची पुंजीही दिसते. पिएर बोर्द्यू यांचा अभिरुचीविषयीचा सिद्धान्त (१९७९) येथे त्यांच्या पाठीशी आहे. चांगले-वाईट यांची उतरंड या चाहत्याने मोडलेली नसते. वाईटाला वाईट म्हणूनच तो उचलतो, आणि त्यासाठी चांगले काय ते आधी ठाऊक असावे लागते.

या दुसऱ्या चाहत्याचे हसू तपासण्यासाठी परकीय सिद्धान्तांचीही फारशी गरज नाही. भरताने बीभत्सापासून भयानकाची उत्पत्ती सांगितली आहे, आणि रामसे बंधूंचे भयपट अजाणताही त्या वाटेने जातात. विद्रूपतेची किळस आधी, भय मागाहून. अभिनवगुप्तांच्या मते कोणत्याही रसाचा आभास हास्याला कारण होऊ शकतो. शहरी चाहत्याला रबरी मुखवटा दिसतो, निळा उजेड दिसतो, धुराचे यंत्र दिसते. भय त्याच्यापुरते आभासरूप होते आणि तो हसतो. यात अप्रामाणिक काही नाही. घोटाळा पुढच्या पायरीवर होतो. हा आभास कृतीतच आहे आणि पहिल्या प्रेक्षकाला तो कळला नाही, असे तो गृहीत धरतो. पहिला प्रेक्षक मग भोळा ठरतो, आणि दुसऱ्याची मौज त्या भोळेपणाच्या कल्पनेवर उभी राहते.

हे गृहीत ‘पुराना मंदिर’ स्वतःच खोटे पाडतो. सामरीच्या कथेला समांतर असा जगदीप यांचा एक विनोदी उपकथाभाग त्यात आहे, आणि तो सरळसरळ ‘शोले’चे (१९७५) विडंबन आहे. चित्रपटाची गोष्ट थांबवून हे ठिगळ का लावले, असा प्रश्न समीक्षक विचारील. परंतु विडंबन कळायला मूळ कृती पाठ असावी लागते, आणि ‘शोले’ त्या प्रेक्षकाला पाठ होता. त्याच्या संवादांच्या ध्वनिमुद्रिकाच विकल्या जात होत्या. म्हणजे ज्या प्रेक्षकाला भिवविण्यासाठी सामरी उभा केला, त्याच प्रेक्षकाच्या चित्रपटज्ञानाला टाळी देण्यासाठी जगदीप उभे केले. तो भीतही होता आणि ओळखूनही होता. एका प्रसंगात भिणे आणि पुढच्या प्रसंगात हसणे यात त्याला विसंगती वाटत नव्हती. तमाशातील गण, गौळण, बतावणी आणि वग यांच्या क्रमाला सरावलेल्या महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला तर मुळीच वाटली नसेल.

दुसऱ्या चाहत्याचे ऋणही मान्य केले पाहिजे. निरनिराळ्या प्रतींची तुलना, गाळलेल्या दृश्यांचा शोध, दुय्यम नटांच्या याद्या ही त्याची कामे संहिताचिकित्सेच्या जवळ जाणारी आहेत. कार्तिक नायर यांनी आपल्या ग्रंथात (२०२४) मुंबईच्या भयपटांतील तुटके सांधे, सेन्सॉरची कात्री आणि झिजलेल्या प्रती यांचा निर्मितीच्या परिस्थितीच्या खुणा म्हणून जो अभ्यास केला आहे, त्याला चाहत्यांनी जपलेल्या सामग्रीवाचून आधार कमी पडला असता. चाहता ज्या उडीला हसतो, तेथे नायर कात्री शोधतात. सामग्री एकच, पाहणे निराळे.

अडचण उरते ती पुराव्याची. हसणाऱ्या चाहत्याने लिहून ठेवले. भिणाऱ्याने लिहिले नाही. लोकप्रिय चित्रपटाच्या ग्रहणाचा अभ्यास करू पाहणारा संशोधक हाताशी आलेली मते गोळा करतो, तेव्हा त्याच्या पदरात बहुतांशी दुसऱ्याचीच मते पडतात, आणि तो त्यांना ‘प्रेक्षकांचा प्रतिसाद’ असे नाव देतो. १९७० साली पृथ्वीराज कपूर यांचा मुखवटा पाहून जे उठून गेले, त्यांचे मत आजच्या अभ्यासकापर्यंत आले आहे ते निर्मात्याच्या तोंडून, एका प्रसंगापुरते, आणि तेही तिकीटविक्रीच्या भाषेत.