रानडे यांचा सिद्धांत व गोदातीर : एक परीक्षण

कै. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचा मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील इंग्रजी ग्रंथ १९०० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील संतांविषयींच्या प्रकरणांत त्यांनीं असें प्रतिपादन केलें आहे कीं, सोळाव्या शतकांत युरोपांत धर्मसुधारणा झाली तशीच ती महाराष्ट्रांतहि झाली, व राज्योदयाची पूर्वतयारी तिनें केली. पुढें राजवाडे यांनीं सहिष्णु व जयिष्णु असा भेद करून श्रेय मुख्यतः रामदासांकडे वळविलें. तेव्हांपासून वाद बहुतांशीं श्रेय कोणाचें या वळणावर गेला. आम्ही येथें त्या तुलनेचा पायाच तपासणार आहों.

युरोपांत धर्मसुधारणेनें राजसत्ता कशी बळावली? १५२७ सालीं स्वीडनच्या गुस्ताव वासानें चर्चची मालमत्ता ताब्यांत घेण्यास प्रारंभ केला. इंग्लंडांत आठवा हेन्री १५३४ सालीं चर्चचा मुख्य झाला आणि १५३६ ते १५४० या अवधींत तेथील मठ मोडून त्यांच्या जमिनी त्यानें घेतल्या. १५५५ च्या ऑग्सबर्गच्या तहानें ज्याचें राज्य त्याचा धर्म हें तत्त्व जर्मनींत मान्य झालें. उलटपक्षीं फ्रान्सच्या राजानें पोपाशीं १५१६ सालीं करार करून बिशपांच्या नेमणुकीचा अधिकार मिळविला. आणि तेथील अनियंत्रित राजसत्ता चौदाव्या लुईच्या काळीं कळसास पोहोंचली ती सुधारकांचें संरक्षण १६८५ सालीं काढून घेऊनच. तात्पर्य, राजा प्रबळ झाला तो चर्चच्या जमिनी, नेमणुका व न्यायाधिकार हातीं आल्यानें. मत सुधारकांचें असो वा पोपाचें.

महाराष्ट्रांत असें एकसूत्री धर्मपीठच नव्हतें. वारी होती, मठ होते, पण जप्त करून राज्य उभारावें एवढी संपत्ति त्यांच्यापाशीं नव्हती. सभासदाची बखर पाहावी. देवस्थानांचे दिवाबत्ती-नैवेद्य व पीर-मशिदींचे उत्पन्न महाराजांनीं चालू ठेविल्याचें ती सांगते. मोडले ते देशमुखादि वतनदारांचे वाडे व हुडे. येथील राजसत्तेचा प्रतिस्पर्धी वतनदार होता, मठ नव्हे. १६७४ चा राज्याभिषेकहि गागाभट्टांनीं वैदिक विधीनें केला. तो संतांच्या शिकवणुकीचा परिपाक म्हणतां येत नाहीं.

याहून मोठी अडचण भूगोलाची आहे, व उमापुरास बसून लिहितांना ती आम्हांस विशेष जाणवते. आमच्या गेवराई तालुक्याच्या वरच्या अंगास गोदेवर पैठण, त्याजवळ आपेगांव. पलीकडील तीराच्या प्रदेशांत रामदासांचें जांब. दक्षिणेस अंबाजोगाईस मुकुंदराज व दासोपंत. भक्तीची एवढी दाट पेरणी अन्यत्र क्वचितच सांपडेल. मग राज्य येथें कां उगवलें नाहीं? निजामशाही बुडाल्यावर हा मुलूख मोंगलांकडे व पुढें निजामाकडे गेला. याच तालुक्यांत राक्षसभुवनावर १० ऑगस्ट १७६३ रोजीं माधवराव पेशव्यांनीं निजामाचा पराभव केला. तरी अखेर मुलूख निजामाकडेच राहिला, तो १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. पुणें प्रांतांत आळंदी व देहू आहेत हें खरें. परंतु तेथें शहाजीराजांची जहागीर, डोंगरी किल्ले व मावळचे देशमुख हीं अधिक होतीं. फरक या अधिकांत आहे.

म्हणून रानड्यांचें सर्वच म्हणणें टाकाऊ ठरत नाहीं. नाथांनीं शके १५०६ त ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. इरॅस्मसनें १५१६ सालीं बायबलच्या नव्या कराराचा मूळ ग्रीक पाठ छापविला, त्याच जातीचें हें कार्य होय. मात्र तेथें छापखाना होता. येथें ज्ञानेश्वरी छापली गेली ती १८४५ सालीं. मधल्या काळांत हा पाठ लेखकांच्या हातांनींच पसरला. कोणाच्या घरीं पसरला, हा खरा प्रश्न आहे.

आणि येथें संग्राहकांची जबाबदारी येते. देशमुख, देशपांडे, किल्लेदार यांच्या घरीं पोथ्या व सनदा एकाच रुमालांत सांपडतात. पोथी काव्याची म्हणून एकीकडे व सनद इतिहासाची म्हणून दुसरीकडे अशी वांटणी झाली कीं दोहोंमधील संबंध कायमचा तुटतो. पुष्पिकेंतील शक, गांव, लेखकाचें नांव आणि पोथी कोणासाठीं लिहिली हें टिपून ठेवावें. रुमालांतील इतर कागदांची यादीहि सोबत असावी. भक्तीचे ग्रंथ वाचणारीं घरें व राज्य उभारणारीं घरें एकच होतीं असें यांतून दिसलें, तर रानड्यांचा सिद्धांत मर्यादित रूपानें सिद्ध होईल. न दिसल्यास तो एका थोर पुरुषाचें सुंदर अनुमान म्हणूनच राहील. निर्णय युरोपाच्या उपमेनें नव्हे, रुमाल सोडूनच व्हावयाचा आहे.