लीलावतीच्या कन्या आणि त्यांचे वाटाडे

रोहिणी गोडबोले आणि राम रामस्वामी यांनी संपादिलेला ‘लीलावतीज डॉटर्स’ हा इंग्रजी ग्रंथ बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीने २००८ साली प्रसिद्ध केला. सुमारे शंभर भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांची चरित्रे व आत्मकथने त्यात एकत्र आली आहेत. त्याचे मोल वादातीत आहे. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो त्याने सुचविलेल्या, परंतु पुरता न हाताळलेल्या एका प्रश्नाचा. संशोधनसंस्थेत ज्यांना पूर्वी थारा नव्हता त्यांच्यासाठी जे वाट करून देतात, त्यांच्या कार्याची दखल कोणी व कशी घ्यावी?

ग्रंथनामातील लीलावती खानदेशास परकी नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ चा शिलालेख भास्कराचार्यांची वंशपरंपरा सांगतो. नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला व निकुंभ राजांनी त्यास दान दिले, हेही त्यात नमूद आहे. म्हणजे अध्ययनाची सोय करणाराही दगडावर कोरून ठेवण्याजोगा मानला गेला होता. मात्र विद्वानांच्या त्या वंशावळीत लीलावतीचे नाव नाही. कन्या म्हणून ती आपणांस भेटते ती आख्यायिकेत. फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरामुळे ती दूरवर पसरली. नोंद कोणाची व्हावी, हा प्रश्न असा जुनाच आहे.

ग्रंथातील कथने बहुतांशी व्यक्तिनिष्ठ आहेत. अडचण आली, जिद्द धरली, यश मिळाले, असा त्यांचा क्रम असतो. वडील, शिक्षक, पती, सहकारी यांचे उल्लेख येतात, पण ते बहुधा कृतज्ञतेपुरते. त्यामुळे संस्थेची घडण अंधारात राहते आणि जिद्द असली की दार उघडतेच, असा समज वाचकाच्या मनात दृढ होतो. ग्रंथाची मर्यादा येथे आहे.

कमला सोहोनी यांचे उदाहरण पाहावे. १९३३ मध्ये स्त्री म्हणून त्यांना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा एक वर्षाच्या परीक्षाकालासह अटी घालून तो दिला. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली. ही कथा सांगताना रामन आणि कमलाबाई यांनाच समोरासमोर उभे केले जाते. त्यांना शिष्या म्हणून स्वीकारून कसून काम करवून घेणारे श्रीनिवासय्या एका वाक्यात आटोपतात. वस्तुतः अटींवर आलेल्या विद्यार्थिनीला खरे संशोधन सोपविणे, हीच त्या काळी मोठी गोष्ट होती. उलट अ‍ॅना मणी यांनी रामन यांच्याच प्रयोगशाळेत काम केले; परंतु एम.एस्सी. नाही या कारणास्तव मद्रास विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली नाही. दार उघडून भागत नाही. नियमही कोणीतरी बदलावा लागतो.

खुद्द गोडबोले यांच्या वाट्यास आलेले सन्मान बोलके आहेत. २०१९ ची पद्मश्री विज्ञान व अभियांत्रिकी या विभागात होती. स्त्रियांना विज्ञानात स्थान मिळावे म्हणून त्यांनी केलेल्या कार्याचा स्पष्ट निर्देश झाला तो २०२१ च्या फ्रेंच राष्ट्रीय सन्मानात. ब्रिटनमध्ये २००५ पासून ‘अथेना स्वॉन’ सनदेद्वारे संस्थांच्याच वर्तनाची परीक्षा होते. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत संशोधनाचे गुण निबंध, ग्रंथ, पेटंट, मार्गदर्शन यांना मिळतात. विद्यार्थीविषयक उपक्रमांना निराळी जागा आहे. परंतु कोणाला प्रयोगशाळेत आणले आणि टिकविले, हे त्या गुणांत उतरत नाही.

यावर आक्षेप असा की, हे तर शिक्षकाचे कर्तव्यच. कर्तव्याला पारितोषिक कशाला? आक्षेपात तथ्य आहे. पण निबंध लिहिणे हेही कर्तव्यच असून त्याला गुण आहेतच. एकाच कर्तव्याची गणना व्हावी आणि दुसरे सौजन्य म्हणून सोडून द्यावे, यात न्याय नाही. अधिक गंभीर धोका निराळा आहे. हे काम बहुधा स्त्री वा आदिवासी अध्यापकांवरच सोपविले जाते आणि वर्षाकाठी एक शाल-श्रीफळ देऊन संस्था मोकळी होते. असा गौरव भाराला शोभा आणतो. भार वाटून घेत नाही.

म्हणून कसोट्या तीन असाव्यात. संबंधित व्यक्तीमुळे एखादा नियम वा प्रघात बदलला काय? ज्यांच्यासाठी तो बदलला त्यांची साक्ष काय? आणि त्या कामासाठी तिच्या तासिकांत सवलत मिळाली काय? तिसरी कसोटी व्यक्तीची नसून संस्थेची आहे, आणि म्हणूनच ती टाळली जाते.

देवपूरच्या महाविद्यालयांत साक्री-शिरपूरकडून येणारा विद्यार्थी घरी अहिराणी, भिली किंवा पावरी बोलतो आणि प्रयोगवही इंग्रजीत लिहितो. या दोहोंमधील अंतर कोणीतरी रोज त्याच्याबरोबर चालत असते. कधी तो अध्यापक असतो, कधी प्रयोगशाळेतील परिचर. लीलावतीच्या कन्यांची नावे आता ग्रंथात आली. त्यांच्या वाटाड्यांची नावे निदान आपल्या विभागाच्या वार्षिक वृत्तान्तात यावीत, हे मागणे अवाजवी म्हणता येणार नाही.