चेरीची बाग कुणाच्या नावावर?

जमीन वाचवायची गोष्ट निघाली की आपले समीक्षक गहिवरतात. जुनं घराणं, जुनी झाडं, पलीकडून सरकत येणारं शहर आणि शेवटी कुऱ्हाड. एवढ्या सामानावर पुष्कळ थोर वाङ्मय उभं आहे. मला त्याबद्दल थोडं बोलायचंय. कारण शहर आता आमच्याही बांधाला लागलंय, आणि आमचीही जमीन जुनी आहे. फक्त तिच्यासाठी आजवर कुणी गहिवरलेलं नाही.

आधी नाटक घेऊ. आंतोन चेकॉव्हचं 'चेरीची बाग'. १९०४ च्या जानेवारीत मॉस्को आर्ट थिएटरनं ते पहिल्यांदा केलं. त्याच वर्षी जुलैत चेकॉव्ह वारला. गोष्ट थोडक्यात अशी. रानेव्हस्काया नावाची जमीनदारीण पॅरिसहून घरी येते. इस्टेट कर्जात बुडालीय, २२ ऑगस्टला लिलाव आहे. बाग एवढी नामांकित की विश्वकोशात तिचा उल्लेख आहे. जवळून रेल्वे गेलीय, आणि शहरातले लोक उन्हाळ्यात बंगले घेऊन राहायला तिकडं येऊ लागलेत. लोपाखिन नावाचा व्यापारी बाईला सल्ला देतो: बाग तोडा, नदीकाठच्या जमिनीचे तुकडे पाडा, बंगल्यांसाठी भाड्यानं द्या, वर्षाला पंचवीस हजार रुबल तरी सुटतील. म्हणजे आपल्याकडं ज्याला प्लॉटिंग म्हणतात तेच. बाई आणि तिचा भाऊ गायेव्ह नाक मुरडतात. बंगलेवाले म्हणजे हलके लोक! मग लिलाव होतो आणि बाग लोपाखिनच घेतो. शेवटी झाडांवर पडणारे घाव ऐकू येतात.

हा लोपाखिन कोण? याच जमिनीवर राबलेल्या भूदासांचा वंशज. ज्या घराच्या स्वयंपाकघरातसुद्धा त्याच्या बापाआज्याला पाय ठेवायची मुभा नव्हती, ते घर तो विकत घेतो. रशियातली भूदासी कायद्यानं गेली १८६१ साली. खुद्द चेकॉव्हचा आजा भूदास होता; पै पै साठवून त्यानं १८४१ साली आपल्या कुटुंबाची सुटका विकत घेतली. तेव्हा चेकॉव्ह हे ऐकीव लिहीत नव्हता, घरचं लिहीत होता.

कॉलेजात असताना एका चर्चेत मी या नाटकावर बोललो होतो. पांढरपेशांनी रानेव्हस्कायासाठी रडावं, आपण लोपाखिनसाठी शिट्टी मारू, असं आवेशात ठोकून दिलं. टाळ्या पडल्या. तो तेव्हा मला मोठा विद्रोह वाटला. आज ते भाषण मागं घ्यायला बसलोय.

का, ते सांगायचं तर आमच्या जमिनीवर यावं लागेल.

आमची जमीन महार वतनाची. हाडकी. मेलेली गुरं जिथं ओढून न्यायची, हाडं टाकायची, तो गावाबाहेरचा तुकडा म्हणजे हाडकी-हाडवळा. नामदेव ढसाळांनी आपल्या कादंबरीला हेच नाव दिलं. हिच्या बदल्यात आमच्या पंज्यानं गावकी केली. सांगावे नेले, वेस राखली, सरकारी माणसाच्या घोड्यापुढं पळाला, ढोरं ओढली. तीही एकट्यानं नाही, सगळ्या घरानं, रात्री-बेरात्री हाक येईल तेव्हा. चेरीच्या बागेचा मोहोर आमच्याकडं नव्हता. पाऊस झाला की अजून नांगराला हाडूक लागतं.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल मांडलं. मुद्दा सरळ होता. ज्याला चाकरी नको त्याला मोकळा करा, आणि पूर्ण सारा घेऊन जमीन त्याच्याकडंच राहू द्या. म्हणजे बेडी तोडायची, पण जमीन सोडायची नाही. ते बिल पार पडलं नाही. १९३९ च्या डिसेंबरात हरेगावला वतनदारांची परिषद भरली, तिथंही ते याच प्रश्नावर उभे राहिले. शेवटी १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ वतनं गेली. आकाराच्या तिप्पट रक्कम भरल्यावर जमीन परत नावावर झाली, तीही नव्या शर्तीनं. कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायची नाही, वाटायची नाही.

आता शहर. पुणे महापालिकेनं २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावं पोटात घेतली. आमचं गाव त्या हद्दीला लागून. ज्या तुकड्याकडं गाव नाक दाबून बघायचं, त्याच्यासमोर आता चारचाकी गाड्या थांबतात. सातबाऱ्यावर पंज्याच्या जागी एकोणचाळीस वारस आहेत. निम्मे मुंबईला. एकानं त्यांच्या दारोदार फिरून कुलमुखत्यारपत्रावर सह्या घेतल्या. काहींना वाटलं, वारसनोंदीचा कागद आहे. चुलती एके दिवशी खुरपायला गेली तर तारेचं कुंपण. तिनं फेरफाराला हरकत घेतली. तेव्हापासून तारखा चालू आहेत.

तो सह्या गोळा करणारा बिल्डर नव्हे. बिल्डरला आम्ही अजून पाहिलेलाही नाही. हा आमच्याच वस्तीतला, त्याच्या आज्यानं आणि माझ्या आज्यानं एका दोरीनं ढोर ओढलंय. मला म्हणाला, "दादा, मी काय परका आहे का? दुसऱ्यानं खाण्यापेक्षा आपल्या माणसानं खाल्लेलं काय वाईट?" मी गप्प बसलो. कारण कॉलेजातलं माझं भाषण दुसरं काय म्हणत होतं?

मागच्या तारखेला साहेब जागेवर नव्हते. कचेरीच्या बाकड्यावर बसल्या बसल्या मी चुलतीला चेरीच्या बागेची गोष्ट सांगितली. तिला सही येते, तीही गेल्या दोन वर्षांत शिकली.

तिनं विचारलं, "लिलावाला कोन गेलं?"

"भाऊ गेला. आत्यानं पंधरा हजार पाठवले होते, ते घेऊन."

"आन् बाई?"

"घरी. घरात नाच चालू होता."

"तारखेच्या दिशी नाच?" चुलती एवढ्या मोठ्यानं हसली की शिपायानं वळून बघितलं. "मंग तिला जमीन नकोच हुती. तिला नुसतं रडायला पायजे हुतं."

रानेव्हस्कायावर पुस्तकं लिहिणाऱ्यांनी हे वाक्य जपून ठेवावं.

मग मी फिर्सचं सांगितलं. सत्त्याऐंशी वर्षांचा म्हातारा चाकर. सुटका झाली तरी मालकाला सोडून गेला नाही, उलट भूदासांच्या सुटकेलाच तो अरिष्ट म्हणतो. आपल्याकडंही बावन्न हक्कांचा तोरा मिरवणारे म्हातारे मी पाह्यलेत. गळ्यातली दोरी त्यांना दागिना वाटायची. तर सगळे समजतात फिर्सला दवाखान्यात पोचवला. घराला कुलूप लागतं, म्हातारा आत राहतो. नाटक संपतं.

चुलती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आन् त्यो इकत घेनारा? आपल्यातलाच म्हनलास न्हवं? त्यानं बी न्हाई बघितलं आत कोन हाय ते?"

घरी येऊन मी शेवटचा अंक पुन्हा काढला. सगळे आले का, आत कुणी राहिलं नाही ना, एवढं तोंडानं विचारून बाजूचं दार बंद करणारा लोपाखिनच आहे. इतकी वर्षं मी हे नाटक सांगत होतो, पण ही गोष्ट माझ्या डोळ्यांखालून गेली होती. ती दिसायला कचेरीतलं बाकडं लागलं.

चेकॉव्हला हे दिसत होतं. लोपाखिनला त्यानं खलपुरुष केलेलं नाही. तो मनानं चांगला आहे, कष्टाळू आहे, वेळेवर खरा सल्ला देणारा तोच आहे. त्रोफिमोव्ह नावाचा विद्यार्थी मालकिणीच्या मुलीला सांगतो, की या बागेच्या झाडाझाडातून तुमच्या मालकीची माणसं तुमच्याकडं बघताहेत. एवढं लिहायला धाडस लागतं. पण ती माणसं पानांतून नुसती बघतात. दोन टोकांना मालकीण आणि व्यापारी, आणि मधे कुलूपबंद म्हातारा. ज्याची जमीन व्हायला पाहिजे होती, तो लिलावात उभाच नाही. हा दोष चेकॉव्हचा की रशियाचा, याचा काथ्याकूट विद्वानांनी करावा. माझं भांडण आपल्या वाचनाशी आहे.

मराठी रंगभूमीवरही पडता वाडा आहे. महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' १९८५ चं. अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर प्रेक्षक विसरत नाही. नाटक चांगलंच आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण वाडा पडला म्हणून हळहळणाऱ्या समीक्षेनं, त्या वाड्याचं रान कोण कसत होतं आणि त्या माणसाच्या नावावर काय राहिलं, हे एकदा तरी विचारायला हवं होतं. आणि आपल्या बाजूच्या समीक्षेनंही माझ्यासारखी नुसती शिट्टी मारून भागणार नाही. मालक बदलला, आडनाव बदललं, एवढ्यानं दार उघडत नाही.

आम्ही हाडकी वाचवतोय ती वारसा म्हणून नाही. तिच्यावर फलक लावावा असं तिथं काही नाही, आठवण काढावी असंही फार नाही. ती आमच्या चार पिढ्यांची थकलेली मजुरी आहे. गावानं आणि सरकारनं रोख कधी दिली नाही, जमिनीच्या रूपानं तेवढी पदरात राहिली. ती कुणा एकाच्या सहीवर जाऊ नये, एकोणचाळीस जणांना समोर बसवून, कागद वाचून दाखवून काय तो निर्णय व्हावा, एवढंच चुलतीचं म्हणणं आहे. उद्या सगळ्यांनी मिळून विकायची ठरवली तर तीही सही करील. पण आत कोण आहे ते बघितल्याशिवाय कुलूप लावू देणार नाही.

ज्यांच्या घरी अशी जमीन आहे, होती, किंवा गेली, त्यांनी लिहा. काळ्या आईची कविता नको, ती खूप झाली. हकिकत लिहा. वतन कशाबद्दल मिळालं, नावावर कधी झालं, पहिली सही कुणाकडून घेतली, फेरफारात काय लिहिलं. वाङ्मय होतंय की नाही ते नंतर बघू.

आमची पुढची तारीख दिवाळीनंतर आहे. चुलतीनं कुंपणाच्या आत हरभरा टाकायचं ठरवलंय.