धाकट्या बहिणीच्या पलीकडे

रक्षाबंधनाच्या दिवशी आमच्या शाळेत ध्वनिक्षेपकावर ‘छोटी बहन’मधले (१९५९) राखीचे गाणे हमखास लागते. त्या चित्रपटातली दृष्टी गमावलेली, सोशिक बहीण आमच्या आईच्या पिढीने जणू दत्तकच घेतली होती. ‘मुलगी असावी तर नंदासारखी’ हे वाक्य ऐकतच मी बेळगावात वाढलो आणि मास्तर झाल्यावर वर्गात स्वतःही म्हणत आलो. आता ते मला खटकते.

सीमाभागाला कोल्हापूरचा सिनेमा घरचाच, तेव्हा मास्टर विनायकांची ओळख करून द्यायला नको. ‘छाया’त (१९३६) त्यांनी खांडेकरांची करुण कथा मांडली आणि दोनच वर्षांनी अत्र्यांच्या ‘ब्रह्मचारी’तून ढोंगाची मनसोक्त टर उडवली. १९४७ साली ते अकाली गेले, तेव्हा नंदा आठ वर्षांची होती. ‘मंदिर’मध्ये (१९४८) ‘बेबी नंदा’ पडद्यावर आली. खेळण्याच्या वयात घराचा भार अंगावर पडला.

पुढे नात्यातल्या व्ही. शांतारामांनी ‘तूफान और दिया’त (१९५६) तिला संधी दिली. कथा भावाबहिणीची! मग ‘भाभी’, ‘छोटी बहन’, ‘आंचल’ अशी मालिकाच लागली. ‘आंचल’साठी सहाय्यक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिकही मिळाले. ‘काला बाजार’मध्ये (१९६०) ती देव आनंदची बहीण होती, तर पुढच्याच वर्षी ‘हम दोनो’त त्याच्याच एका भूमिकेची पत्नी. तरी प्रेक्षकांच्या मनातली राखी काही सुटली नाही. बापाला रडवणे आणि हसवणे दोन्ही करू दिलेल्या रसिकांनी लेकीच्या पदरात बहुतेक अश्रूच टाकले.

ही कोंडी फुटली ती यश चोप्रांच्या ‘इत्तेफाक’मध्ये (१९६९). एकही गाणे नाही, बहुतेक कथा एका रात्रीत, एका घरात घडते. खुनाचा आरोप असलेला राजेश खन्ना आसऱ्याला शिरतो आणि घरात एकटी नंदा. दूरदर्शनवर हा चित्रपट पाहताना मी तिच्यासाठी घाबरलो होतो. पण हळूहळू लक्षात येते, की या बाईच्या नजरेतली भीती केवळ त्या पळपुट्याची नाही. तिलाही काही लपवायचे आहे. त्या भल्या चेहऱ्यावर आपण वर्षानुवर्षे टाकलेला विश्वास हाच इथे रहस्याचा पडदा आहे. ‘छोटी बहन’मध्ये तिचे रडणे कधीकधी एकसुरी होते, हे मान्य करायला हवे. इथे मात्र तिचे गप्प राहणेही बोलते. एवढे करूनही अशा भूमिका तिच्या वाट्याला फार आल्या नाहीत. ‘प्रेम रोग’मध्ये (१९८२) ती दिसली, ती पद्मिनी कोल्हापुरेची सोसणारी आई म्हणून.

वडील गेल्यावर घर सावरणारी एखादी मुलगी दर दोन-चार वर्षांनी आमच्याही शाळेत दिसते. आम्ही तिला ‘गुणी’ म्हणतो आणि तिथेच थांबतो. तिला आणखी काय येते, काय करावेसे वाटते, हे विचारायचे राहून जाते. कौतुकही कधीकधी कुंपण होते.

२०१४ च्या मार्चमध्ये नंदा गेली, तेव्हा शाळेच्या फळ्यावर मी श्रद्धांजली लिहिली होती: ‘पडद्यावरची आदर्श बहीण’. आज खडू हाती घेतला, तर एकच शब्द लिहीन: ‘अभिनेत्री’.