वैद्याने ओळखलेला रोग

वाचक माउली, ऐतिहासिक कादंबरी म्हटली की आपल्या कुडपणकडच्या माणसाला गड, भगवा आणि तलवार आठवते. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ आपल्याच पोलादपूर तालुक्यात, तेव्हा ते साहजिकच आहे. आज मात्र एका निराळ्या कादंबरीविषयी सांगतो. तिच्यात राजाचा पराक्रम नाही, रोगाचे निदान आहे.

डॉ. फ्रान्सिस्कु लुईश गोमिश हे गोव्यातील सासष्टीच्या नावेलीचे, जन्म १८२९ चा. पणजीच्या वैद्यकीय शाळेत शिकून ते शल्यवैद्य झाले. १८६० साली पोर्तुगालच्या संसदेवर निवडून गेले. १८६६ साली लिस्बनमध्ये त्यांची पोर्तुगीज कादंबरी छापली गेली. नावाचा अर्थ ‘ब्राह्मण’. कथा अवधातल्या फैजाबादची, सत्तावनच्या बंडाच्या दिवसांची. आग नऊच वर्षांपूर्वीची, राख अजून गरम होती.

एकीकडे मगनोद, जन्माने ब्राह्मण. दुसरीकडे रॉबर्ट डेव्हिस, आयरिश मळेवाला. दोघांच्या वैरावर कथा उभी आहे. पण मर्म आहे ते नावाच्या अनेकवचनात. एकाला कुळाचे सोवळे, दुसऱ्याला गोऱ्या कातडीचे. रोगी दोन, रोग एकच: अहंकार. नाडी अशी दोन्ही हातांची पाहिली, हे या वैद्याचे मोठेपण.

उणे आहे ते मांडणीत. कीर्तनात दृष्टांत सिद्धांताला उजेड देतो. येथे लेखक कथा थांबवून वारंवार व्याख्यानाला उभा राहतो, आणि पात्रे मागे उभी राहून ऐकतात. संसदेची सवय कादंबरीत शिरली आहे.

औषध म्हणून ते ख्रिस्ताचा बंधुभाव सांगतात, आणि त्या धर्माचे नाव घेणाऱ्या राज्यकर्त्यांनाही त्याच मापाने मोजतात. यावर आपल्यापैकी कोणी म्हणेल, हे औषध तर चंद्रभागेच्या वाळवंटात केव्हाचे वाटले जाते आहे! खरे आहे. पण चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर का, हेही सांगावे लागेल. विठ्ठलाचे दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. तोवर टाळ वाजत होते आणि दारही बंद होते.

औषध घरात असणे आणि ते पोटात जाणे, यांत अंतर आहे. परक्या भाषेतली ही जुनी कादंबरी वारकऱ्याने वाचावी ती एवढ्यासाठी. एकमेकांच्या पाया पडणारे आपण, पंगतीला बसताना शेजारी कोण आहे हे अजून पाहतो का? उत्तर ज्याचे त्याने द्यावे.