‘गोमा’ : एका शब्दाचा अर्थविचार

भरूच जिल्ह्यातील रतनपूरजवळच्या टेकडीवर बाबा गोर यांचा दर्गा आहे. त्यांचे सिद्दी उपासक उरुसात जे वादन, गायन व नर्तन करतात त्यास ‘गोमा’ म्हणतात. ‘धमाल’ हे त्याचे दुसरे नाव. गुजरातेत नेमणुकीवर असलेल्या आपल्यापैकी कित्येकांनी ते एखाद्या समारंभात पाहिले असेल, आणि कार्यक्रमपत्रिकेत त्यापुढे ‘लोकनृत्य’ असे छापलेलेही वाचले असेल. हा प्रतिशब्द खोटा नाही, अपुरा आहे. तो अपुरा का, हा प्रश्न केवळ कोशकारांचा नव्हे.

‘गोमा’चे मूळ आफ्रिकेतील बांटू भाषांत आहे. स्वाहिलीत तो ‘न्गोमा’ असा उच्चारतात. शब्दारंभीचे ते अनुनासिक आपल्याकडील भाषांच्या वळणास मानवणारे नव्हते, म्हणून ते गळले. मराठी ‘घुमणे’ किंवा गोव्यातील ‘घुमट’ यांच्याशी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो. परंतु ध्वनिसाम्य म्हणजे कूळ नव्हे. खरा पुरावा असा की, बांटू भाषांच्या विस्तीर्ण प्रदेशात हाच शब्द ढोल या अर्थी आढळतो. शिवाय सिद्दींच्या ‘मुसिंडो’ या ढोलाचे नावही स्वाहिली ‘म्शिंडो’शी, म्हणजे दणक्याशी, जुळते.

अर्थ मात्र ढोलापाशी थांबत नाही. स्वाहिलीत न्गोमा म्हणजे ढोल, त्याच्या ठेक्यावरील नृत्य आणि तो समारंभही. रुआंडा व बुरुंडी येथील भाषांत ‘इंगोमा’ म्हणजे नगारा, तशीच राजाची कारकीर्द. झुलू भाषेत दैवी कौल सांगून रोग निवारणाऱ्यास ‘इसांगोमा’ म्हणतात.

या अर्थवैपुल्याकडे अभ्यासकांनी आपापल्या दिशेने पाहिले. टेरेन्स रेंजर यांनी १९७५ च्या ग्रंथात पूर्व आफ्रिकेतील ‘बेनी न्गोमा’ मंडळांचा इतिहास लिहिला. लष्करी बँडचे अनुकरण करणाऱ्या त्या मंडळांच्या चढाओढीत त्यांना समाजाचे राजकारण दिसले. जॉन जॅन्झेन यांनी १९९२ मध्ये न्गोमा ही रोगनिवारणाची संस्था म्हणून मांडली. दोन्ही ग्रंथ मोलाचे आहेत. तथापि लग्नातील न्गोमा कोणाच्या व्याधीसाठी नसतो, आणि रोग्यापुढील न्गोमा चढाओढीसाठी नसतो. दोघांनी एकेक दालन उजळले. घर त्याहून मोठे आहे.

मराठी वाचकास हे घर अपरिचित वाटू नये. आपली ‘नौबत’ मुळात पाळी. पुढे राजद्वारीचे प्रहराचे वादन, सत्तेचे चिन्ह, आणि अखेर ओढवलेला प्रसंग. ‘गोंधळ’ तर अधिकच जवळचा : त्यात संबळ आहे, कथा आहे, नृत्य आहे, देवीचा कुळाचार आहे. त्यास कोणी नुसते ‘लोकनृत्य’ म्हटले तर आपणांस ते रुचेल काय?

रतनपूरला बाधेने पीडलेली माणसे आजही आराम पडावा म्हणून येतात. वाद्य, उपासना आणि उपचार यांची खाती आपल्या दप्तरात वेगळी असतील. तेथे ती एक आहेत. म्हणून ‘गोमा’चे भाषांतर करू नये. शब्द तसाच घ्यावा, आणि पत्रिकेत जागा असेल तर त्यापुढे दोन ओळी खुलाशाच्या छापाव्यात.