फिल्टरपर्यंत हात पोचत नाही

आमच्या घरी २०१३ सालची एक डिझेल हॅचबॅक आहे. तिचा ऑइल फिल्टर नेमका कुठं आहे, हे मला पहिली सात वर्षं माहीत नव्हतं. माहीत असायची गरजही पडली नव्हती. गाडी सर्व्हिसिंगला जायची, संध्याकाळी धुऊन पुसून परत यायची आणि बिलावर एक ओळ असायची : ऑइल फिल्टर, एक नग. लॉकडाऊनमध्ये मी कंपनीचा लॅपटॉप घेऊन पुण्याहून कोल्हापूरला आलो. गाडीचं सर्व्हिसिंग लांबलेलं होतं. मी इंजिनिअर आहे (कॉम्प्युटरचा, पण पदवीवर इंजिनिअर असंच लिहिलंय), तर तेल तरी बदलता येईलच, असं ठरवून एका रविवारी बॉनेट उघडलं.

डिपस्टिक समोर. तेल ओतायचं झाकण समोर, त्यावर तेलाच्या डब्याचं चित्रही. बॅटरी, कूलंटची टाकी, काचेवर मारायच्या पाण्याची टाकी, सगळं हाताशी. फिल्टर मात्र दिसेना. अर्ध्या तासानं मोबाइलचा टॉर्च इंजिनाच्या मागच्या फटीत घातला तेव्हा खाली काळ्या डब्याचा एक चतकोर दिसला. इंजिन आणि फायरवॉल यांच्या मधे, टर्बोच्या गरम पाइपाखाली, ड्राइव्ह शाफ्टच्या वर. वरून हात कोपरापर्यंत जातो आणि अडकतो. खालून जायचं तर आधी प्लास्टिकचं अंडरकव्हर काढायचं, आणि त्याच्या क्लिपा अशा की निम्म्या काढतानाच तुटतात.

पुस्तक वाचताना समीक्षक एक प्रश्न विचारतो : हे कुणाला उद्देशून लिहिलंय? लेखकाच्या मनात जो वाचक असतो, त्याला काय ठाऊक आहे असं गृहीत धरलंय, त्याच्यापासून काय लपवलंय? बॉनेटखालची रचनाही अशीच वाचता येते. आमच्या गाडीत मालकाला उद्देशून तीनच वाक्यं आहेत : तेल तपास, पाणी भर, बॅटरी बघ. बाकी सगळा मजकूर दुसऱ्या कुणासाठी आहे.

तो दुसरा कोण, हे शोधायला मला वेळ लागला. पहिला वाचक म्हणजे कारखान्यातला कामगार. आडवं इंजिन गाडीत बसवण्याआधी बाहेरच जवळजवळ पूर्ण सजवलं जातं. तेव्हा त्याची मागची बाजू, पुढची बाजू असा भेद नसतो. फिल्टर बसवणाऱ्यासमोर तो छातीच्या उंचीवर, भरपूर उजेडात असतो. मग ते सगळं धूड गाडीत जातं आणि त्याची एक बाजू कायमची भिंतीकडे तोंड करून उभी राहते. दुसरा वाचक म्हणजे लिफ्ट असलेल्या वर्कशॉपमधला मेकॅनिक. गाडी डोक्यावर, अंडरकव्हर काढलेलं, खालून लांब एक्स्टेन्शन लावलं की काम झालं. या दोघांसाठी ही रचना वाईट नाही. अंगणात, पाठीखाली पोतं टाकून झोपलेला माणूस मात्र तिच्या हिशेबातच नाही.

हे अपरिहार्य आहे का? थोडंफार आहे. छोट्या गाडीच्या नाकात इंजिन, गिअरबॉक्स, टर्बो, इंटरकूलरचे पाइप, एसीचा कॉम्प्रेसर एवढं कोंबायचं, वर धडकेत चुरगळायला जागाही राखायची, तर कुणीतरी मागं ढकललं जाणारच. पण प्रत्येक वेळी फिल्टरच ढकलला जातो असंही नाही. फोक्सवागेनच्या अनेक टीडीआय इंजिनांत फिल्टरचं झाकण वर, डोळ्यांसमोर असतं. सॉकेट लावला, झाकण फिरवलं, आतलं कागदी काडतूस उचललं. तेल आपोआप खाली उतरतं, जमिनीवर थेंब नाही. म्हणजे हे करता येतं. कुणीतरी आराखड्यासमोर बसून तसं ठरवावं लागतं.

काडतूस आणि डबा यांतला फरकही नुसता आकाराचा नाही. डब्याचा फिल्टर पूर्ण बंद असतो. तो काढायचा, फेकायचा, नवा लावायचा. काडतुसात आतल्या घड्या दिसतात. त्या उलगडून बघितल्या तर इंजिनाची तब्येत कळते : नुसती काजळी आहे की धातूचे चकचकीत कण आहेत. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन आपल्याकडे इतक्या गाड्यांत बसलं (स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिया, रिट्झ, अर्टिगा) की लोक त्याला गमतीनं राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. त्यात हे कागदी काडतूसच आहे. मारुतीनं २०२० मध्ये बीएस-६ आलं तेव्हा डिझेल गाड्या बंद केल्या, पण ती इंजिनं अजून रस्त्यावर धावतायत आणि त्यांची तेलं अजून बदलली जातायत.

आता माझी गोष्ट, कारण तिच्याशिवाय हे सगळं आरामखुर्चीतलं राहील.

चेंबरचा नट खोलला, तेल उतरवलं. काळंकुट्ट. डिझेल गाडीत हे असंच असतं. ज्वलनातली काजळी तेलातली डिटर्जंट द्रव्यं धरून ठेवतात, त्यामुळं चांगलं तेलही थोड्या दिवसांत काळं होतं, आणि नुसत्या रंगावरून ते संपलंय असं म्हणता येत नाही. नटाला नवा वायसर लावला. फिल्टरला पट्ट्याचा पाना कसाबसा अडकवून, न बघता, अंदाजानं फिरवला. तो निघाला तेव्हा माझ्या मनगटावर तीन ओरखडे होते. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला तेलाचं बोट लावलं, सगळीकडे सांगतात तसं, आणि परत अंदाजानंच तो हातानं आवळला. गाडी सुरू केली, दहा मिनिटं चालवली, खाली वाकून बघितलं. कोरडं. मी फोटो काढून मित्रांच्या ग्रुपवर टाकला. ‘नादखुळा भावा’ असं उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पा निपाणीला निघाले. कागलच्या अलीकडं डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा लागला. त्यांनी त्याच क्षणी क्लच दाबला, इंजिन बंद केलं आणि गाडी तशीच घरंगळत कडेला घेतली. मागं हायवेवर तेलाची लांब रेघ उमटली होती. जुन्या फिल्टरची रबरी रिंग फिल्टरबरोबर निघालीच नव्हती. ती इंजिनाला चिकटून राहिली होती, आणि मी तिच्यावरच नवी रिंग असलेला फिल्टर चढवला होता. दोन रिंगा एकमेकींवर धड बसत नाहीत. आदल्या दिवशी तग धरला, पण सकाळच्या थंड, घट्ट तेलाचा दाब आणि वर हायवेचा वेग आल्यावर एक बाहेर सरकली आणि पंपानं सगळं तेल रस्त्यावर ओतलं. पप्पा अजून दोन मिनिटं चालवत राहिले असते तर बेअरिंगं गेली असती. टर्बो तर त्याआधीच.

चूक माझीच. जुनी रिंग आलीय का ते बघायचं असतं, हे मी वाचलेलं होतं. पण ‘बघायचं’ हे क्रियापद आमच्या गाडीत वापरताच येत नाही. फिल्टर ज्या जागी बसतो तो पृष्ठभाग डोळ्याला दिसतच नाही. वरून उघडणाऱ्या काडतुसात रबरी रिंग झाकणावर असते आणि झाकण तुमच्या हातात, उजेडात असतं. तिथं नवशिक्यालाही ही चूक करायला कष्ट पडतील. रचना चूक करत नाही हे खरं, पण कुठली चूक सोपी ठेवायची हे तीच ठरवते.

आणि मॅन्युअल? साडेतीनशे पानांत ब्लूटूथ जोडण्याला सहा पानं आहेत. तेल बदलण्याबद्दल मजकूर एवढाच की अधिकृत वर्कशॉपशी संपर्क साधा. याच्या शेजारी जॉन म्यूरचं १९६९ सालचं पुस्तक ठेवून बघा. फोक्सवागेन बीटल जिवंत कशी ठेवावी, हे त्यानं निव्वळ अडाण्यांसाठी म्हणून लिहिलं. स्वतः इंजिनिअर असून त्यानं वाचक मूर्ख नाही, फक्त नवखा आहे, असं धरलं. घाबरू कधी, थांबू कधी, हेही सांगितलं. इंग्लंडमध्ये हेन्सच्या मॅन्युअलांनी १९६६ पासून हेच काम कोरड्या भाषेत केलं : गाडी खरोखर पूर्ण खोलून, परत जोडून मग लिहायचं. आपल्या भागातही यंत्र आणि लिहिणं यांत फार अंतर नव्हतं. किर्लोस्करवाडीसारख्या, नांगर आणि पंप बनवणाऱ्या माळावरच्या कारखान्यातून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं आणि त्यातूनच पुढं मराठीतलं एक मोठं मासिक उभं राहिलं. गिऱ्हाइकाशी बोलावं, त्याला शहाणं करावं, असं तेव्हा कारखानदाराला वाटत होतं. आज गिऱ्हाइकाशी बोलायला ॲप आहे. ते सर्व्हिसची तारीख सांगतं.

कायद्याला हे अगदीच कळलेलं नाही असं नाही. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि निदानाची उपकरणं स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नाहीत, हा ठपका होता. प्रकरण पुढं अपिलात गेलं. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यातही मोटारी आहेत. हे सगळं हवंच. पण भाग मिळाला, माहिती मिळाली, तरी त्या जागी हात पोचत नसेल तर? भूमितीवर कुठला आयोग नोटीस काढणार?

इथं मला स्वतःकडेही बघावं लागतं. माझं रोजचं काम म्हणजे गोष्टी लपवणं. आतली गुंतागुंत झाकायची, वापरणाऱ्याला दोन बटणं द्यायची, बाकी ‘प्रायव्हेट’. त्याला आम्ही चांगलं डिझाइन म्हणतो आणि बऱ्याचदा ते असतंही. फिल्टर मागं ठेवणाऱ्या इंजिनिअरला मी शिव्या घालतो तेव्हा तो मला सहज विचारू शकेल, तुझ्या ॲपमधला एरर वापरणाऱ्याला कळतो का?

शिवाय घरच्या घरी तेल बदलण्याच्या विरोधात एक मुद्दा असा आहे की त्याला माझ्याकडे पळवाट नाही. उतरवलेल्या साडेतीन लिटर तेलाचं करायचं काय? वापरलेलं तेल कायद्यानं धोकादायक कचरा आहे. एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुनर्प्रक्रिया करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलीय. पण माझ्या अंगणातल्या बादलीपर्यंत ती साखळी येत नाही. आपल्याकडे जळकं ऑइल सेंटरिंगच्या प्लेटांना फासतात, दाराच्या चौकटींना लावतात, आणि उरलेलं गटारात. इथल्या गटारातलं जयंती नाल्यात, नाल्यातलं पंचगंगेत. मी ते कॅनमध्ये भरून दोन आठवडे जिन्याखाली ठेवलं. आईनं रोज विचारलं.

शेवटी कॅन घेऊन उद्यमनगरात गेलो. म्हादबा मेस्त्रींचं नाव जिथं अजून आदरानं घेतात त्या शहरातलं हे यंत्रकाम करणाऱ्यांचं पेठ. ओळखीच्या एका गॅरेजमध्ये जळक्या तेलाचं पिंप असतं, भरलं की ते विकत घेणारा येतो. तिथल्या मामांना झालेला प्रकार सांगितला. ते हसले नाहीत. खड्ड्यात उतरले, मलाही उतरवलं, आणि फिल्टर काढून म्हणाले, “आता बगू नकोस. बोट फिरीव.” मी बोट फिरवलं. गुळगुळीत धातू, मग एक बारीक कड, मग परत धातू. “रिंग असती तर मऊ लागलं असतं. डोळ्याचं काम न्हाई हे.”

म्हणजे न दिसणारी जागाही वाचता येते, फक्त ती वाचायला चाळीस वर्षं खड्ड्यात काढावी लागतात. मामांच्या दोन्ही पोरांनी ती काढायची नाहीत असं ठरवलंय, एक पुण्यात माझ्याच क्षेत्रात आहे.

त्यानंतर मी तीनदा तेल बदललंय. लांब दांडीचा छोटा आरसा घेतलाय. आधी बोट, मग आरसा, मग मोबाइल फटीत घालून व्हिडिओ. काढलेल्या फिल्टरवरची जुनी रिंग हातात धरून बघितल्याशिवाय नवा फिल्टर खोक्यातून काढत नाही. पप्पा तेवढा वेळ शेजारी खुर्ची टाकून बसतात, काही बोलत नाहीत. फक्त त्यानंतरचे दोन दिवस ते निपाणीला एसटीनं जातात.